चेमुला ते चौल

कोकण किनाऱ्यावरच्या 'चौल' या नावात कधीकाळी 'म' होता, असे आज ऐकून वाटत नाही. पण कान्हेरीच्या ब्राह्मी लेखांत हे बंदर 'चेमुला' म्हणून येते, शिलाहारांच्या लेखांत 'चेमुल्य'. मग हा 'म' गेला कुठे? संस्कृत 'ग्राम'चा मराठीत 'गाव' झाला, 'नाम'चे 'नाव' झाले. दोन स्वरांमध्ये सापडलेला 'म' आपल्याकडे 'व' होतो. तो 'व'ही पुढे विरला की चेमुल, चेवुल, चेऊल, चौल अशी वाट सरळ दिसते.

'म'च्या शेजारी 'र' असला तर मात्र निकाल वेगळा. 'ताम्र'चे 'तांबे' झाले, 'आम्र'चा प्राकृतात 'अंब' आणि पुढे आपला 'आंबा'. पानिपतच्या 'काला अंब'ने हे प्राकृत रूप अजून जपले आहे. 1761च्या लढाईतल्या रक्ताने आंबा काळा पडला, ही तिथली कथा. व्युत्पत्तीला मात्र त्या 'अंब'मधल्या 'ब'चेच कौतुक अधिक.

'चेमुला'तल्या पहिल्या 'च'ने परदेश्यांना बराच त्रास दिलेला दिसतो. ग्रीकांकडे हा उच्चार नव्हता. 'पेरिप्लस' या ग्रीक सागरी प्रवासग्रंथाचा कर्ता 'सेमुल्ला' लिहितो. टॉलेमी 'सिमुल्ला' लिहून स्थानिक लोक 'तिमुला' म्हणतात, असेही सांगतो. एकाच 'च'साठी एकदा 'स', एकदा 'त'! त्यामुळे मूळ उच्चार या दोहोंच्या मधला, म्हणजे 'च'च, असावा. दहाव्या शतकाच्या आरंभी अरब प्रवासी अल-मसूदी इथे आला; अरबांच्या लेखी हे 'सैमूर'. 'च' पुन्हा 'स'कडे झुकला, 'ल'चा 'र' झाला. 'म' मात्र तिथे टिकला. स्थानिक परंपरा चौलला 'चंपावती' म्हणते. नाव गोड आहे, पण जुन्या लेखांतले 'चेमुला' पाहता ते मागाहून जोडलेले असावे.

शेजारचा रेवदंडा 'रेवती'शी जोडतात. मला त्यात 'रेव' आणि 'दांडा' हेच दिसतात. वाळूची लांबट पट्टी तो दांडा. मुंबईचा खार-दांडा आणि जंजिऱ्यासमोरची दंडा-राजपुरी याच कुळातली असावीत. किनाऱ्यावरचे इतर शब्दही असेच: 'बंदर' फारसी खरे, पण त्यातला 'बंद' आणि संस्कृत 'बंध्' एकाच घरचे दिसतात. 'नाखवा' तर फारसी 'नाखुदा'. त्यातही 'नाव' आहेच, आपल्या 'नौ'ची बहीण, आणि 'खुदा' म्हणजे धनी.

खाडीपलीकडे कोर्लईत 1740 साली पोर्तुगीज सत्ता संपली, तरी तिथल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजातून घडलेली बोली आजही चालते, आणि तिच्यावर मराठीचा दाट ठसा आहे. रेवदंड्याचा सातखणी मनोरा पाहायला जाणाऱ्यांनी पुढे कोर्लईलाही जावे, आणि किनाऱ्यावरच्या जाणत्यांना दांडा कशाला म्हणतात ते विचारून, मिळतील ते शब्द लिहून घ्यावेत.