केळीचे खांब

केळीचा घड उतरवला तरी खांब उभाच असतो. आमच्या यावल तालुक्यात तो कापून बांधावर टाकतात. गुरं थोडंफार तोंड लावतात, बाकीचा सडतो. आम्ही पोरं मात्र त्यातले ताजे, जाड खांब हेरून ठेवायचो. पाच खांब एकमेकांना खेटून उभे करायचे, वरखाली चऱ्हाटानं आवळायचे आणि मधल्या खांबावर चुन्याचा ठिपका द्यायचा. झालं निशाण.

केळीच्या खांबासारखं निशाण मी नंतर पाहिलं नाही. पापुद्र्यावर पापुद्रा आणि आत पाणी. बाण ‘फस्स’ करून घुसतो, वीतभर जाऊन थांबतो आणि सरळ ओढला की अलगद निघतो. काडी मोडत नाही. तोटा एकच, चीक. त्याचे डाग सदऱ्यावरून जात नाहीत. आम्ही दुपारभर कुठं होतो, हे आईला कधी विचारावं लागलं नाही.

हे सगळं शिकवलं आमच्या सालदारानं. तो पावरा, सातपुड्यातल्या एका पाड्यावरचा. आम्ही त्याला मामा म्हणायचो. त्याचा तिरकमठा बांबूचा, दोरीही बांबूच्याच सालीची. ओढताना अंगठा लावायचा नाही, नुसती बोटं. एकलव्यानं दिलेला अंगठा आपण परत घ्यायचा नाही, असं तो सांगे. (ऑलिम्पिकमधले खेळाडूही दोरी बोटांनीच ओढतात, हे मला फार पुढं कळलं.)

पण मामाचा जीव निशाणापेक्षा निशाणाच्या मागं जास्त. खांब रोवण्याआधी तो पलीकडे जाऊन उभा राही आणि तिथून काय काय दिसतं ते बघे. तिकडे गाडीवाट होती. म्हणून खांबांच्या मागं हातभर जागा सोडून दोन मेढींना जुनं, जोडलेलं बारदान टांगायचं. तेही सैल, खाली जमिनीवर लोळेल असं. मी एकदा ते छान दिसावं म्हणून ताणून बांधलं. मामा काही बोलला नाही. त्यानं एक बाण मारला, तो आरपार गेला. मग बारदान सैल केलं आणि तोच बाण पुन्हा मारला. कापड त्याच्याबरोबर मागं सरकलं आणि बाण दमून खाली पडला. दुसरा दंडक म्हणजे चौथ्या दिवशी खांब बदलायचे. पाणी आटलं की ते आकसतात आणि दोन खांबांत फट पडते.

१९७४ ची होळी जवळ आली होती. मामा भोंगऱ्याच्या बाजारासाठी पाड्यावर गेला होता. खळ्यावरून हरभरा आणायचा, गाडीत अंथरायला बारदान हवं, असं वडील म्हणाले, आणि ते मीच सोडून आणून दिलं. खांब आठ दिवसांचे झाले होते. मामानं आम्हाला नुसती तासलेली बांबूची टोकं दिली होती. मी त्याच्या चोरून लोहाराकडे जाऊन एका बाणाला खिळा बसवून घेतला होता.

बाण फटीतून गेला. ‘फस्स’ झालं नाही, एवढंच कळलं. मग गाडीवाटेवरून बैलाचं हंबरणं आलं. शेजाऱ्याचा बैल, मागच्या मांडीत खोल लागलेलं.

संध्याकाळी ओट्यावर माणसं जमली. मला दोन थोबाडीत बसल्या आणि माझं तेवढ्यावर भागलं. पुढचं सगळं बोलणं मामाचं. “भिल्लाच्या हातात तीर अन् पोरं त्याच्या नादी. दुसरं काय होईन भो?” कोणीतरी म्हणालं. तो पावरा, पण गावाच्या लेखी डोंगरातले सगळे भिल्लच. आणि तो त्या दिवशी गावात नव्हताच, याचंही कुणाला काही नव्हतं.

ही भीती जुनी होती. १८२५ मध्ये औट्रम साहेबानं धरणगावला भिल्लांची पलटण उभी केली, ती भिल्लांकरवीच भिल्लांना ताब्यात ठेवायला. १८५८ मध्ये खाज्या नाईक, भीमा नाईक यांची माणसं सातपुड्यात अंबापाणीला कंपनीच्या फौजेशी लढली. आमच्या सपाटीवरच्या घरांत त्या लढाईचं नाव मी कधी ऐकलं नाही. ‘डोंगरातून तीर घेऊन उतरतात’, एवढंच आज्या-पणज्यांकडून आलेलं.

सालदाराचं साल आखाजीला पुरं होतं. मामाला दीड महिना आधी काढलं, आणि बैलाच्या औषधपाण्याचे पैसे त्याच्या सालातून कापले. बारदान कोणी सोडलं, हे मी कुणालाच सांगितलं नाही.

पुढं मी शिक्षक झालो. १९८८ मध्ये लिंबाराम सेऊलच्या ऑलिम्पिकला गेला, त्यानंतर आमच्या शाळेलाही धनुर्विद्येची हौस आली. पैसे नव्हते. डोंगरातल्या गवताचे दोर वळले, चकलीसारखे गुंडाळले आणि दाभणानं शिवून घट्ट चक्का केला. त्यावर १२२ सेंटिमीटरचा कागद. रंग सगळे घरचेच: मध्ये हळद, मग गेरू, नीळ, दिव्याची काजळी आणि कडेला चुना. मधलं दहा गुणांचं वर्तुळ १२.२ सेंटिमीटरचं, चहाच्या बशीपेक्षा लहान, आणि मोठ्या स्पर्धेत ते सत्तर मीटरवरून गाठायचं. मुलं आधी हसली. मागं मी मातीचा बांध घालायला लावला, पुरुषभर उंच. मुख्याध्यापक म्हणाले, “निशाणापेक्षा बांधच मोठा झाला की सर.”

नीळ आणि गेरू आणायला आठवडी बाजारात गेलो होतो, तिथं मामा भेटला. डोक्यावर पांढरं झालेलं, बाकी तोच. कागदाच्या पुड्या बघून त्यानं विचारलं, कशाला? मी सांगितलं.

“मांगे काय लावलं?”

“माती. पुरुषभर.”

त्यानं मान हलवली. थोडा वेळ पुड्यांकडे बघत राहिला.

“तो बैल जगला का रे?”

जगला, म्हणालो. पुढं चार-पाच वर्षं औताला चालला. बारदानाचं मी तेव्हाही बोललो नाही.