गाजरगवत कोणीं आणिलें ?

रायगड जिल्ह्यांत तळा गांवाच्या माथ्यावर तळगड उभा आहे आणि मांदाडच्या खाडीजवळ कुड्याचीं लेणीं आहेत. या टापूंत वाटेच्या कडेला टणटणी, एकदांडी, रानमोडी किंवा पिवळा धोत्रा यांपैकीं एखादें झाड भेटतेंच. लोकांनीं त्यांना मराठी नांवें दिलीं. एकदांडीचा रस तर जखमेवर चोळतात. तरी या चारहि वनस्पतींचें मूळ अमेरिकेंत आहे. लेणीं कोरणाऱ्या पाथरवटांनीं यांतली एकहि पाहिलेली नव्हती.

मग एखादी वनस्पति परकी हें ठरवावयाचें कसें ? लोकांच्या आठवणीवर विसंबतां येत नाहीं, कारण दोन पिढ्यांत पाहुणी घरची होऊन बसते. येथें आधार जुन्या ग्रंथांचा. डॅल्झेल व गिब्सन यांनीं १८६१ सालीं मुंबई इलाख्यांतील वनस्पतींचा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हां बाहेरून येऊन येथें रुळलेल्या जाती त्यांनीं वेगळ्या पुरवणींत घातल्या. पुढें पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे पूर्वींचे प्राचार्य थिओडोर कुक यांचा विस्तृत ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळांत बाहेर पडला. या ग्रंथांत नसलेलें झाड आढळलें, तर शंकेस जागा होते. परंतु शंका म्हणजे पुरावा नव्हे. मागच्यांच्या नजरेंतून तें सुटलेलेंहि असूं शकेल. म्हणून तें दाट रानांत वाढतें कीं उकिरडे, लोहमार्ग व कोठारें यांच्या आसपास, हें पाहावें लागतें. त्याचे सगेसोयरे कोणत्या खंडांत नांदतात तेंहि शोधावें लागतें. शेवटीं स्थळ व तारीख लिहिलेला वाळवलेला नमुना संग्रहांत ठेवला, म्हणजे साक्ष पक्की होते.

या रीतीचें ठळक उदाहरण पुण्याचें आहे. १९५१ च्या सुमारास तेथील उकिरड्यांवर एक अनोळखी झाड तुरळक दिसूं लागलें. पानें गाजरासारखीं कातरलेलीं, फुलें बारीक व पांढरीं. १९५६ सालीं वनस्पतिशास्त्रज्ञ रोल्ला शेषगिरी राव यांनीं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत हें 'पार्थेनियम' असल्याचें सांगून भारताला नवीन अशी त्याची नोंद केली. तेंच आपलें गाजरगवत.

लोकांनीं मात्र निराळा इतिहास रचला. अमेरिकेच्या 'पी. एल. ४८०' या कायद्याखालीं आलेल्या गव्हाबरोबर हें बीं आलें, असें घरोघर सांगतात. तारखा तपासल्या तर हें जुळत नाहीं. कायदा झाला १९५४ सालीं, भारताशीं करार झाला ऑगस्ट १९५६ मध्यें. आणि झाड तर पुण्यांत त्यापूर्वींच उगवलें होतें. १९५१ सालच्या कर्जानेंहि अमेरिकन गहू आला होता, म्हणून गव्हावरील संशय सर्वस्वीं फिटत नाहीं. त्या एका करारावरील आरोप मात्र टिकत नाहीं.

जुने कागद याहूनहि मागें नेतात. रॉक्सबर्ग यांच्या कलकत्ता उद्यानाच्या १८१४ सालच्या यादींत हें नांव आहे, आणि डेहराडूनच्या संग्रहांत १८८० सालचा नमुना आहे. म्हणजे 'भारताला नवीन' हे शब्दहि दुरुस्त करावे लागले. तथापि उद्यानांत लावलेलें झाड वेगळें आणि मोकाट सुटलेलें झाड वेगळें. पुण्याच्या नोंदीचें महत्त्व या दुसऱ्या गोष्टीसाठीं आहे.

हा वाद केवळ पंडितांचा नव्हे. एक झाड हजारों बिया टाकतें. त्याच्या स्पर्शानें अनेकांच्या कातडीला खाजेचा चिवट विकार जडतो. पुण्यांतील डॉक्टरांनीं असे पुष्कळ रोगी पाहिले. शेवटीं त्याचीं पानें खाणारा भुंगा १९८३ सालीं मेक्सिकोहून आणवून पुढील वर्षीं बंगळूर येथें सोडावा लागला. झाड उकिरड्यापुरतें होतें तेव्हां तें उपटणें सोपें होतें. देशभर पसरल्यावर तें कोणाच्याच हातीं राहिलें नाहीं.

म्हणून अनोळखी फूल दिसतांच त्याला गांवठी नांव देऊन मोकळें होऊं नये. त्याची फांदी वर्तमानपत्रांत दाबावी आणि बाजूस गांव व तारीख लिहावी. पुढच्या संशोधकाला अफवेपेक्षां तेवढा कागद अधिक उपयोगीं पडतो.