ती हसत का नाही?

पोलिश चित्रकर्त्री ओल्गा बोझनान्स्का हिचे १९०६ सालचे आत्मचित्र मी वर्गात दाखवले. एका मुलीने विचारले, “गुरुजी, ही हसत का नाही?”

मी सांगू लागलो. ओल्गा १८६५ साली क्राकोव शहरात जन्मली. तीन साम्राज्यांनी गिळलेला पोलंड तेव्हा नकाशावरही नव्हता. गावच्या कलाशाळेत मुलींना मज्जाव; म्युनिकच्या अकादमीतही तोच. ती खाजगी चित्रकारांकडे शिकली, १८९८ साली पॅरिसला गेली. ती तैलरंग पुठ्ठ्यावर लावी. तेल आत मुरे, चकाकी जाई, नि चेहरा धुक्यातून वर यावा तसा उमटे.

१९१८ साली पोलंड नकाशावर परतला. क्राकोवच्या अकादमीत मुलींना नियमित प्रवेश मिळाला तो त्यानंतरच. तेव्हा ओल्गाने पन्नाशी ओलांडली होती.

ती मुलगी उठली नि चित्राजवळ जाऊन उभी राहिली.