डावे की उजवे?

विमानाला एकाहून अधिक इंजिने कशासाठी, ह्याचे उत्तर सर्वांना ठाऊक आहे : एक बंद पडले तर दुसऱ्याने तारून न्यावे. परंतु दुसऱ्या इंजिनाबरोबर विमानात निवडही येते. बिघडले आहे ते नेमके कोणते, हे आधी ठरवावे लागते; आणि ते ठरवण्यात चूक झाली, तर धडधाकट इंजिन आपल्याच हाताने बंद केले जाते. म्हणूनच बहुइंजिनी विमानांचा इतिहास हा आम्हांला खुणांच्या वाचनाचाही इतिहास वाटतो.

पंख्यांच्या विमानांत हे वाचन वैमानिकाला पायांनी करायला शिकवले गेले. एका बाजूचे इंजिन थांबले की विमानाचे नाक त्याच बाजूस वळू लागते. ते सरळ राखण्यासाठी विरुद्ध पायाने रडरचे पेडल दाबावे लागते. जो पाय रिकामा राहिला, त्या बाजूचे इंजिन मेले, असा हा ठोकताळा. तो आजही शिकवला जातो. त्याला जोडून एक पथ्यही आहे : संशयित इंजिनाचा थ्रॉटल आधी मागे घेऊन पडताळा पाहावा, मगच ते बंद करावे.

८ जानेवारी १९८९ च्या रात्री नेमका हा पडताळाच फसला. हीथ्रोहून बेलफास्टला निघालेल्या ब्रिटिश मिडलंडच्या बोइंग ७३७-४०० विमानात १२६ माणसे होती. चढत असतानाच डाव्या इंजिनातील पंख्याचे एक पाते तुटले. विमान थरथरू लागले, धूर आला. कोणते इंजिन, असे कॅप्टनने विचारताच सहवैमानिक 'डावे' म्हणू लागला आणि शब्द पुरा होण्याआधीच 'उजवे' म्हणाला. जुन्या ७३७ विमानांतील हवेच्या व्यवस्थेवरून कॅप्टनलाही धूर उजवीकडचा वाटला. नव्या विमानात ती व्यवस्था बदललेली होती. उजव्या इंजिनाचा थ्रॉटल मागे घेताना स्वयंचलित नियंत्रण सुटले, त्यामुळे डावे इंजिन जरा स्थिरावले. कंप आणि धूर दोन्ही कमी झाले. योगायोगाने चुकीच्या अर्थाला पुष्टी दिली, आणि उजवे इंजिन बंद करण्यात आले.

कंपमापक खरे तेच दाखवत होता. पण जुन्या कंपमापकांवर विसंबू नये ही वैमानिकांची सवय, आणि नव्या विमानातला तो काटा बारीक.

आम्हांला सर्वांत विचार करायला लावणारा भाग प्रवासीकक्षातला आहे. उजव्या इंजिनात बिघाड होता, ते आता बंद केले आहे, असे कॅप्टनने प्रवाशांना सांगितले. डावीकडच्या ज्वाळा अनेक प्रवाशांनी आणि काही कर्मचाऱ्यांनीही पाहिल्या होत्या. ऐकलेले आणि पाहिलेले जुळत नव्हते. तरीही कोणी पुढे जाऊन सांगितले नाही. पुढे कॅप्टन घडल्याचा क्रम पुन्हा तपासू लागला, तोच रेडिओवरील संभाषणाने त्यात खंड पडला.

ईस्ट मिडलंड्स विमानतळावर उतरताना शक्ती वाढवली आणि डावे इंजिन साफ कोसळले. उजवे पुन्हा सुरू करण्यास वेळ उरला नव्हता. धावपट्टी अर्ध्या किलोमीटरवर असताना विमान केगवर्थजवळ मोटारमार्गाच्या बांधावर आदळले. ४७ प्रवासी मृत्युमुखी पडले.

१९९० च्या चौकशी अहवालाने वैमानिकांच्या चुकीबरोबरच त्यांच्या अपुऱ्या प्रशिक्षणाकडेही बोट दाखवले, आणि वैमानिक व कक्षातील कर्मचारी ह्यांच्या समन्वयाचे शिक्षण द्यावे, अशी शिफारस केली. तरीही ४ फेब्रुवारी २०१५ रोजी तैपेईत ट्रान्सएशियाच्या एटीआर विमानात पुन्हा चांगले इंजिनच बंद केले गेले. ५८ पैकी ४३ जण दगावले.

अधिकारवाणीने सांगितलेला अर्थ ऐकल्यावर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले मनातच ठेवण्याची सवय आमच्या वर्गांतही असते. तेथे त्याची किंमत लगेच मोजावी लागत नाही, एवढाच फरक. विद्यार्थ्याने हात वर करून 'मला तर डावीकडे दिसले' असे म्हणणे, हे आम्ही ह्या इतिहासामुळे अधिक गांभीर्याने घेऊ लागलो आहोत.