मोठ्या मांजराची पेटी

मांजर आपली विष्ठा मातीत पुरते. ही सवय माणसाने लावलेली नाही. पाळीव मांजराचा पूर्वज म्हणजे उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या कोरड्या मुलखातले रानमांजर. सुट्या मातीत उकरायचे, बसायचे आणि वरून माती ओढायची हा क्रम त्याच्याकडूनच आला. पाणी कमी मिळणाऱ्या मुलखात राहिल्यामुळे या प्राण्याची मूत्रपिंडे मूत्र अतिशय दाट करतात, म्हणून मांजराच्या मूत्राचा दर्प उग्र असतो. पंजाला उकरता येईल असे काहीतरी हवे आणि दर्प आवरला पाहिजे, या दोन गरजांतून घरातल्या मांजराची पेटी, म्हणजे आजचा लिटर बॉक्स, घडत गेली. तिसरी गरज जागेची. मांजराला त्या पेटीत नीट वळता यायला हवे. या गरजेकडे सर्वांत शेवटी लक्ष गेले, आणि तेही मोठ्या अंगाची मांजरे घरात आल्यावर.

अंगण, परस आणि राख

माणूस आणि मांजर यांचे साहचर्य धान्यामुळे सुरू झाले. सायप्रस बेटावर सुमारे 9,500 वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी पुरलेले मांजर सापडले. हा शोध 2004 साली प्रसिद्ध झाला. भारतातही मांजराचे पहिले काम उंदीर मारणे हेच होते. उंदरांचा उपद्रव वाढला तर मांजरे आणि मुंगसे सोडावीत, असा उपाय कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे. महाराष्ट्रातल्या वाड्यात कणगी आणि बळद राखायला जसे मांजर असे, तसेच ते छत्तीसगडच्या भातपट्ट्यात धान्याची कोठी राखायला असे.

अशा मांजराला पेटीची गरज नव्हती. परसातली मऊ माती, गोठ्याची कड, बांधकामासाठी टाकलेली वाळू आणि चुलीतून काढलेली राख हीच त्याची जागा. दुर्ग आणि रायपूर यांच्या दरम्यान, खारून नदीच्या अलीकडे वसलेल्या कुम्हारीसारख्या गावात तर मातीचे प्रकारही अनेक. छत्तीसगडचा शेतकरी जमिनीला मटासी, डोरसा, कन्हार आणि भाटा अशी नावे देतो. मटासी पिवळसर आणि भाताला चांगली, कन्हार काळी आणि चिकण, डोरसा या दोहोंच्या मधली, तर भाटा मुरमाड आणि कठीण. यांतली कन्हार पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या जमिनीचेही तेच. मातीच्या या फुगण्याचा मांजराच्या पेटीशी संबंध पुढे विसाव्या शतकाच्या अखेरीस आला.

घर बंद झाले तेव्हा

मांजराला घरात पेटी लागू लागली ती शहरी घरामुळे. मुंबईतल्या चाळींत परस नव्हते, वरच्या मजल्यांना अंगण नव्हते. पुढे फ्लॅट आले आणि दार लावले की मांजर आतच, अशी स्थिती झाली. दुर्गजवळच्या भिलाईच्या परिसरात हा बदल पोलादाबरोबर आला. 1955 साली पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. कारखान्याभोवती सेक्टरांची वसाहत उभी राहिली आणि देशभरातून माणसे आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. वसाहतीतल्या तळमजल्यावरच्या क्वार्टरला निदान चार हात माती होती. राष्ट्रीय महामार्गालगत नंतर वाढलेल्या गृहसंकुलांत तीही राहिली नाही.

घरातल्या मांजरासाठी सुरुवातीला जे हाताशी असेल ते वापरले गेले: घमेल्यात किंवा जुन्या परातीत वाळू, सुताराकडचा लाकडाचा भुसा, फाडलेली वर्तमानपत्रे, चुलीची राख. युरोप-अमेरिकेतही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वाळू, माती आणि राख हेच होते. यांतल्या प्रत्येकात काही ना काही खोट आहे. वाळू मूत्र शोषत नाही, ते खाली झिरपते आणि तळाशी साचते. राख शोषते, पण पंजांना चिकटून घरभर पसरते. लाकडाची राख ओली झाली की क्षारामुळे कातडीला झोंबते. भुसा हलका असल्याने उडतो. कागद ओला झाला की त्यात उकरता येत नाही.

मुलतानी मातीची पिशवी

या अडचणीतून 1947 साली एक धंदा जन्माला आला. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात कॅसोपोलिस या गावी एडवर्ड लो हा तरुण नौदलातून परतून वडिलांच्या व्यवसायात काम करत होता. कारखान्यांच्या जमिनीवर सांडलेले तेल शोषून घेणारा माल ते विकत. त्या थंडीत शेजारच्या एका बाईंचा वाळूचा ढीग गोठला. त्यांनी मांजराला राख दिली, तर घरभर काळे पंजे उमटू लागले. त्या लो यांच्याकडे वाळू मागायला आल्या. लो यांनी त्यांना वाळूऐवजी दाणेदार मुलतानी माती दिली. ही माती त्यांच्याकडे तेल शोषण्यासाठी होती. बाई काही दिवसांनी आणखी मागायला आल्या.

मुलतानी मातीचा हा गुण जुनाच होता. लोकर धुणारे कारागीर तिच्यातली चरबी काढायला हीच माती वापरत आणि भारतात चेहऱ्याचा तेलकटपणा घालवायला ती आजही लावतात. लो यांनी ती 5 पौंडांच्या, म्हणजे सव्वादोन किलोंच्या 10 पिशव्यांत भरली, पिशवीवर ‘किटी लिटर’ असे लिहिले आणि किंमत 65 सेंट ठेवली. वाळू जवळजवळ फुकट मिळत असताना ही माती विकत कोण घेणार, असा दुकानदाराचा प्रश्न होता. लो यांनी ती आधी फुकट द्यायला सांगितली. गिऱ्हाईक परत आले आणि पैसे देऊन मागू लागले. 1964 साली लो यांनी ‘टायडी कॅट’ हे नाव बाजारात आणले आणि हा माल किराणा दुकानांतही पोहोचला. 1995 साली लो यांचे निधन झाले, तोवर तो अमेरिकेतला मोठा उद्योग झाला होता.

या मातीचा परिणाम धंद्यापुरता राहिला नाही. मांजर कायम घरात ठेवता येते, हे त्या पिशवीने दाखवले. तोपर्यंत बहुतेक घरांत मांजराला बाहेर सोडावेच लागे.

फुगणारी माती

दुसरा मोठा बदल 1984 साली झाला. टॉमस नेल्सन या अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञाने बेंटोनाइट मातीचा उपयोग मांजरासाठी शोधला. मुलतानी माती ओली होते, पण ओला भाग वेगळा काढता येत नाही. सगळीच माती काही दिवसांनी टाकावी लागते. सोडियम बेंटोनाइटला पाणी लागले की त्याचे कण फुगून एकमेकांना चिकटतात आणि घट्ट गोळा होतो. तो गोळा जाळीच्या झाऱ्याने उचलला की बाकीची माती कोरडीच राहते. दर्प आवरण्याचे काम रोजच्या पाच मिनिटांवर आले.

बेंटोनाइटमधला मुख्य खनिजघटक माँटमोरिलोनाइट हा आहे. दख्खनच्या काळ्या मातीत आणि छत्तीसगडच्या कन्हारमध्ये भेगा पडतात त्याही याच कुळातल्या खनिजांमुळे. पाणी खनिजाच्या पापुद्र्यांमध्ये शिरते आणि पापुद्रे दूर सरतात. शेतातल्या काळ्या मातीत हे खनिज इतर मातीत मिसळलेले असते, बेंटोनाइटच्या थरात ते बरेच शुद्ध असते. गुजरातेत कच्छमध्ये आणि राजस्थानात बाडमेरमध्ये त्याचे मोठे साठे आहेत. कच्छचे बेंटोनाइट दख्खनच्या ज्वालामुखी खडकाची झीज होऊन तयार झाले, म्हणजे ज्या कातळात सह्याद्रीचे कडे उभे आहेत त्याच कुळातल्या खडकापासून.

भारतात या मातीची मागणी मांजरांमुळे निर्माण झाली नाही. विंधनविहिरी आणि तेलविहिरी खोदताना, कोल्हापूरच्या ओतकाम कारखान्यांत वाळूचे साचे बांधताना आणि लोहखनिजाचे पेलेट वळताना ती लागते. कच्छमधून ती लिटरसाठीही परदेशी जाऊ लागली. भारतातल्या शहरांत पर्शियन आणि इतर जातिवंत मांजरे पाळण्याची हौस वाढली, तेव्हा याच मातीच्या पिशव्या देशी दुकानांतही आल्या.

पेटी लहान, मांजर मोठे

आतल्या मातीवर इतके संशोधन झाले, पण पेटीकडे कोणी पाहिले नाही. जुनी पेटी म्हणजे भाजण्याचे तसराळे किंवा एनॅमलचे भांडे. पुढे प्लास्टिकचे ट्रे आले, त्यांची लांबी साधारण 40 ते 45 सेंटिमीटर राहिली. दुकानाच्या फळीवर मावेल, न्हाणीघराच्या कोपऱ्यात बसेल, असा तो आकार. तीन-चार किलोंच्या गावठी मांजराचे त्यात जेमतेम भागते.

मोठ्या मांजरांच्या जाती मात्र प्रदर्शनांतून पुढे येत होत्या. 13 जुलै 1871 रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वीअर यांनी मांजरांचे मोठे प्रदर्शन भरवले आणि जातिवंत मांजर पाळण्याची हौस तिथून वाढली. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये 1895 साली झालेल्या प्रदर्शनात कोझी नावाची मेन कून जातीची मांजरी पहिली आली. मेन कूनचा बोका 6 ते 8 किलोंचा सहज होतो. 1960 च्या दशकात कॅलिफोर्नियात ॲन बेकर यांनी रॅगडॉल ही आणखी एक भरदार जात तयार केली. पर्शियन मांजर वजनाने तेवढे नसते, पण दाट केसांमुळे तेही लहान ट्रेमध्ये अवघडते.

अवघडलेले मांजर पेटीच्या काठाबाहेर घाण करते, पुरत नाही किंवा पेटीच सोडून पलंगाखाली जाते. बराच काळ हा मांजराचा वाईट स्वभाव समजला गेला. पशुवैद्यकांनी तो तपासला तेव्हा दोष पेटीचा निघाला. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झाकणाची आणि उघडी अशा दोन पेट्या शेजारी ठेवल्या. बहुतेक मांजरांना दोन्ही सारख्याच वाटल्या. 2014 साली कॅनडातल्या संशोधकांनी नेहमीच्या पेटीशेजारी 86 सेंटिमीटर लांबीची पेटी ठेवली, तेव्हा मांजरांनी मोठी पेटी अधिक वापरली. झाकणापेक्षा ऐसपैस जागा महत्त्वाची, हे त्यावरून दिसले.

आज पशुवैद्यकांत रूढ असलेला नियम साधा आहे. मांजराच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी मोजावी आणि पेटी तिच्या दीडपट लांब घ्यावी. 55 सेंटिमीटर अंगाच्या बोक्याला सुमारे 82 सेंटिमीटर लांबीची पेटी लागते. दुकानातला नेहमीचा ट्रे तिच्या जवळपास निम्माच असतो.

निवड कशी केली जाते

एवढा मोठा ट्रे दुकानात क्वचितच मिळतो. म्हणून कपडे किंवा गाद्या ठेवायचा प्लास्टिकचा मोठा खोका घेऊन त्याची एक बाजू खाली कापण्याची पद्धत पडली आहे. तीन बाजू 25 ते 30 सेंटिमीटर उंच ठेवल्या तर उभ्याने मूत्र सोडणाऱ्या बोक्याचे शिंतोडे आणि उकरलेली माती बाहेर जात नाही. कापलेली बाजू 10 ते 12 सेंटिमीटर ठेवतात. म्हाताऱ्या आणि जड मांजराला ती सहज ओलांडता येते. कापलेली कड घासून घ्यावी लागते. जितकी मांजरे त्याहून एक पेटी जास्त आणि सगळ्या पेट्या एकाच कोपऱ्यात नाहीत, हाही पशुवैद्यकांचाच नियम.

मोठ्या पेटीचा खर्च आत भरायच्या मातीत असतो. 45 बाय 35 सेंटिमीटरच्या ट्रेमध्ये सहा सेंटिमीटर थर द्यायला साडेनऊ लिटर माती पुरते. 80 बाय 50 च्या पेटीला तोच थर द्यायला 24 लिटर लागते. बेंटोनाइट जड असल्याने ही भरती वीस किलोंच्या आसपास जाते. म्हणून स्वस्त आणि हलक्या पर्यायांचा विचार होतो. कुम्हारीच्या भातपट्ट्यात त्यांतला पहिला पर्याय म्हणजे धानाचे तूस. धानाच्या वजनाचा सुमारे पाचवा भाग तूस असतो आणि गिरण्यांत ते मुबलक मिळते. मात्र तुसाच्या पृष्ठभागावर सिलिका असल्याने अख्खे तूस पाणी नीट शोषत नाही. दळलेले किंवा दाबून गोळ्या केलेले तूस अधिक उपयोगी पडते. लाकडाच्या दाबीव गोळ्याही तशाच हलक्या. लांब केसांच्या मांजरांना बारीक माती केसांत अडकते, त्यांना जरा मोठा दाणा बरा. बाकी बहुतेक मांजरांना बारीक, वाळूसारखा आणि बिनवासाचा दाणाच पसंत पडतो. सुगंधी माती माणसाच्या नाकासाठी असते.

स्वच्छतेला आरोग्याचे कारण आहे. टोक्सोप्लाझ्मा या परजीवीचे जीवनचक्र मांजराच्या आतड्यात पूर्ण होते, हे 1970 साली स्पष्ट झाले. विष्ठेतून बाहेर पडलेला परजीवी एक ते पाच दिवसांत संसर्गक्षम होतो. त्यामुळे पेटी रोज साफ केली तर धोका बराच कमी होतो, आणि गर्भवती स्त्रीने ते काम दुसऱ्यावर सोपवावे. बेंटोनाइटचे गोळे शौचकुपात टाकू नयेत. जी माती पेटीत फुगते ती नळातही फुगते आणि नळ तुंबवते. ते पिशवीत बांधून कचऱ्यात द्यावेत. विष्ठा मिसळलेले तूस भाजीच्या वाफ्यात टाकणेही टाळावे.

पाऊणशे वर्षांत पेटीतली माती वाळूपासून बेंटोनाइटपर्यंत बदलली, पण मोठ्या मांजराच्या बहुतेक तक्रारी मातीमुळे नव्हे, अपुऱ्या जागेमुळे उद्भवतात. त्यामुळे मेन कून किंवा तशाच भरदार मांजरासाठी पेटी घेताना आधी टेपने मांजर मोजावे, मग पेटी ठरवावी आणि माती सर्वांत शेवटी निवडावी.