ग्वाल्हेरचे पिस्तूल आणि ओळखीची माणसे

ग्वाल्हेर म्हटले की आपल्या गोमंतकीय माणसाला आधी गाणे आठवते. कृष्णराव शंकर पंडितांचे नाव येते, ख्याल येतो, मग तानसेनाचे थडगे. पण या शहराशी एका शस्त्राचाही संबंध आहे आणि त्याबद्दल आपण मराठी माणसे फारसे बोलत नाही.

दौलतराव शिंद्यांनी 1810 च्या सुमारास उज्जैनहून आपला तळ ग्वाल्हेरला हलवला. फौजेच्या त्या छावणीचेच पुढे शहर झाले आणि त्याला नाव पडले लष्कर. महाराज बाडा आणि टोपी बाजार हे सगळे याच लष्करात येते. फौजेच्या मागोमाग कारकून, वैद्य, भटजी, गवई आले. दक्षिणेतून आलेली ही मराठी घराणी तिथलीच झाली. अशा ठिकाणी परगावचा मराठी पाहुणा रात्री-अपरात्री आला तरी त्याला ओळखीचे घर सापडते. एरवी ही किती चांगली गोष्ट!

27 जानेवारी 1948 च्या रात्री नथुराम गोडसे आणि नारायण आपटे दिल्लीहून रेल्वेने ग्वाल्हेरला आले, ते याच ओळखीच्या भरवशावर. त्यांना शस्त्र हवे होते. आता पुण्या-मुंबईच्या माणसांना शस्त्रासाठी ग्वाल्हेर का गाठावे लागले? याचे उत्तर समजायला थोडी यंत्राची माहिती लागते.

आपण बोलताना रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल एकच समजतो. पण ती दोन वेगळी यंत्रे आहेत. रिव्हॉल्व्हरमध्ये पाच-सहा घरांचे गोल चक्र असते. प्रत्येक घरात एक काडतूस. घोडा मागे गेला की चक्र एक घर फिरते आणि नवे काडतूस नळीसमोर येते. चक्रच अडकले तर सगळा खेळ संपला. पिस्तुलात काडतुसे मुठीतल्या खोक्यात एकावर एक रचलेली असतात आणि बार उडाला की त्याच्याच धक्क्याने पुढचे काडतूस वर सरकते.

20 जानेवारी 1948 ला बिर्ला भवनावरचा पहिला कट फसला. त्या दिवशी सकाळी हिंदू महासभा भवनामागच्या झाडीत दोन रिव्हॉल्व्हरांची चाचणी झाली होती. एकाचे चक्र नीट चालेना. दुसऱ्याने झाडावर नेम धरला, तर गोळी झाडापर्यंत पोचलीच नाही, मध्येच पडली. माफीचा साक्षीदार झालेल्या दिगंबर बडग्याच्या साक्षीतून हे कोर्टापुढे आले. हा बडगे पुण्यात शस्त्रभांडार चालवायचा. म्हणजे शस्त्रांच्या दुकानदाराच्या हातचा मालसुद्धा असा!

गोळी मध्येच का पडते? काडतूस म्हणजे चार वस्तू: पितळी टोपण, बुडाशी ठिणगी देणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी शिशाची गोळी. दारू दमट झाली, जुनी झाली किंवा कमी भरली, की जोर उरत नाही. नळी झिजलेली असली तर त्यात आणखी भर. परदेशातले हौशी नेमबाज रिकामी टोपणे गोळा करून घरी पुन्हा भरतात, तेव्हा दारू अगदी बारीक काट्यावर तोलून घेतात, ती याचसाठी. कमी पडली तर गोळी नळीतच अडकते, जास्त झाली तर शस्त्र हातात फुटते.

26 जानेवारीला गोडसे-आपटे मुंबईत भुलेश्वरच्या दीक्षित महाराजांकडे रिव्हॉल्व्हर मागायला गेले. महाराजांनी ते दिले नाही. ही साक्षही कोर्टात नोंदली गेली आहे. त्यानंतर दोघे दिल्लीला आणि तिथून ग्वाल्हेरला गेले.

28 तारखेच्या रात्री ते ग्वाल्हेरहून निघाले, तेव्हा त्यांच्याजवळ इटलीचे बेरेटा पिस्तूल होते. 1934 सालचा नमुना, क्रमांक 606824. खोक्यात सात काडतुसे. त्याचे काडतूस 9 मिलिमीटर कॉर्टो, म्हणजे 'आखूड'. लष्करात सर्रास चालणाऱ्या 9 मिलिमीटर काडतुसाचे टोपण 19 मिलिमीटर लांब असते, याचे 17. ते लांब काडतूस यात चालत नाही. म्हणून असले पिस्तूल नुसते देऊन भागत नाही, त्याची काडतुसेही शोधून द्यावी लागतात. 30 जानेवारीला संध्याकाळी त्यातून तीन गोळ्या सुटल्या.

ग्वाल्हेरचे डॉ. दत्तात्रय परचुरे यांच्या घरी हे पाहुणे उतरले होते. लाल किल्ल्यातल्या खास न्यायालयाने 10 फेब्रुवारी 1949 रोजी परचुरे यांना दोषी धरले. पण त्याच वर्षी पूर्व पंजाब उच्च न्यायालयाने त्यांची निर्दोष सुटका केली. त्यांचा कबुलीजबाब वरच्या कोर्टात टिकला नाही. ग्वाल्हेरचे तिघे आरोपी फरारी म्हणूनच राहिले. म्हणून या प्रकरणात नावे घेताना जपून बोलावे लागते. पण ग्वाल्हेरात कोणीतरी ते पिस्तूल मिळवून दिले, हे तर उरतेच.

1878 चा हत्यारांचा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानाचा, संस्थानांचे कारभार वेगळे. आपण गोवेकरांनी 1961 पर्यंत वेगळी हद्द आणि वेगळा कायदा अनुभवला आहे, त्यामुळे हे आपल्याला समजावून सांगायला नको. आज 1959 चा कायदा देशभर एकच आहे. 2019 पासून सामान्य परवानाधारकाला दोनच शस्त्रे ठेवता येतात. परवाना जिल्हाधिकाऱ्याच्या कचेरीतून येतो आणि काडतुसांचाही आकडा त्यावर असतो. शेताची राखण करायला बंदूक बाळगणाऱ्या आपल्या माणसांना निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. ते कुरकुरतात, तेव्हा मला त्यांची अडचण समजते. तरी वहीतला तो आकडा हवाच, असे मला वाटते.

शस्त्राची हौस वाईट नाही. राष्ट्रीय रायफल संघटना 1951 मध्ये उभी केली ती लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर यांनी, म्हणजे एका मराठी माणसानेच. नेमबाजाचे शस्त्र, त्याचे काडतूस आणि त्याचे लक्ष्य, सगळे उघड्यावर असते.

गांधीहत्येवर बोलताना आपण विचारसरणीवर भांडतो आणि ते भांडण संपत नाही. मला मात्र त्या दोन दिवसांतली दोन दारे दिसतात. मुंबईच्या दारात ओळख होती, तरी शस्त्र मिळाले नाही. ग्वाल्हेरच्या दारात ओळख होती आणि शस्त्र मिळाले. संस्थानाची हद्द, कायद्याची फट हे सगळे खरे. पण फटीतून वस्तू आपोआप बाहेर येत नाही, कोणीतरी ती काढून हातात देतो. आपल्या समाजात ओळखीच्या माणसाला नाही म्हणणे अवघड जाते, भिडेखातर आपण पुष्कळ काही करतो. त्या भिडेलाही कुठेतरी हद्द असावी, एवढेच ग्वाल्हेरचे ते पिस्तूल सांगते.