स्टीफन हिस्लॉप कोण होते? नागपूरच्या कॉलेजला नाव देणाऱ्या पाद्र्याची गोष्ट

नागपूरचं हिस्लॉप कॉलेज विदर्भात सर्वांना माहीत आहे. भंडारा, गोंदियातून अनेक पिढ्या तिथे शिकायला गेल्या. पण हे हिस्लॉप कोण, असं विचारलं तर बहुतेकांचं उत्तर 'कोणीतरी इंग्रज' एवढंच असतं. प्रत्यक्षात ते स्कॉटिश पाद्री होते, आणि त्यांच्या छंदामुळे विदर्भातले दगड लंडनपर्यंत पोहोचले.

नागपुरात कसे आले?

हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधल्या डन्स गावी झाला. १८४३ मध्ये स्थापन झालेल्या फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे ते मिशनरी होते. हा पंथ बिशप मानत नाही. बिशप मानणाऱ्या स्कॉटिश एपिस्कोपल चर्चचं काम पुढे चांद्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात उभं राहिलं.

हिस्लॉप १८४५ च्या सुरुवातीला नागपुरात पोहोचले. तेव्हा इथे भोसल्यांचं राज्य होतं आणि भंडाराही त्यातच होता. त्यांनी १८४६ मध्ये शाळा सुरू केली. धर्मांतराच्या प्रश्नावरून वाद झाले, तरी शाळेचं काम चालू राहिलं. त्यांच्या नावाचं कॉलेज मात्र त्यांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी, १८८३ मध्ये निघालं.

दगडांचा नाद

प्रचारासाठी गावोगाव फिरताना हिस्लॉप दगड, शिंपले आणि जीवाश्म गोळा करत. सहकारी रॉबर्ट हंटर यांनाही हीच आवड होती. नागपूरजवळच्या टाकळी भागात त्यांना लाव्हाच्या थरांमध्ये अडकलेले गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख सापडले. याचा अर्थ असा, की दोन लाव्हा प्रवाहांच्या मधल्या काळात इथे तळी होती आणि त्यात जीवसृष्टी होती.

मांगली इथल्या दगडात मिळालेली एका प्राचीन उभयचर प्राण्याची कवटी लंडनला गेली. रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये तिला 'ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स' असं नाव दिलं. त्याच वर्षी हिस्लॉप-हंटर यांचा नागपूर परिसराच्या भूशास्त्रावरचा लेख लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. एका हिरवट खनिजाला 'हिस्लोपाइट' हे नावही मिळालं.

गोंडांची गाणी आणि कथा

दगडांइतकंच त्यांना माणसांबद्दलही कुतूहल होतं. त्यांनी गोंडी शब्द, चालीरीती आणि लिंगोची गाथा लिहून घेतली. या नोंदी त्यांच्या हयातीत छापल्या गेल्या नाहीत. मध्य प्रांताचे प्रशासक रिचर्ड टेंपल यांनी त्या संपादित करून १८६६ मध्ये प्रकाशित केल्या. अर्थात, त्या परक्या मिशनऱ्याच्या नजरेतून लिहिलेल्या आहेत, हे वाचताना लक्षात ठेवावं लागतं. तरीही लिंगोच्या गाथेच्या सर्वात जुन्या छापील नोंदींमध्ये तिची गणना होते.

टाकळघाटचा शेवटचा दिवस

४ सप्टेंबर १८६३. नागपूरच्या दक्षिणेला टाकळघाट इथे दगडांची प्राचीन वर्तुळं आहेत. ती पाहायला हिस्लॉप टेंपल यांच्यासोबत गेले होते. बाकीचे बोरीच्या मुक्कामी परतले, पण हिस्लॉप गावातल्या शाळेच्या मुलांची परीक्षा घ्यायला मागे थांबले. संध्याकाळी ते एकटेच घोड्यावरून निघाले. पावसाने नाला भरला होता. घोडा मुक्कामी परत आला, स्वार नव्हता. शोध घेतल्यावर त्यांचा मृतदेह सापडला. ४६ वर्षं पूर्ण व्हायला त्यांना चारच दिवस बाकी होते.

आज महत्त्व काय?

ही शिळावर्तुळं लोहयुगातल्या लोकांची दफनस्थळं आहेत. टाकळघाट-खापा इथे १९६० च्या दशकाच्या अखेरीस नागपूर विद्यापीठातर्फे पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांनी शास्त्रशुद्ध उत्खनन केलं. अशा महापाषाणीय खुणा भंडारा जिल्ह्यातही आहेत. शेतातली ओळीने मांडलेली मोठी दगडं दिसली, तर ती हलवण्याआधी पुरातत्त्व विभागाला कळवायला हवं. एकदा जागा बदलली की त्या दगडांची गोष्ट कायमची पुसली जाते.